फीबी : सेविका की सेवक?

शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र १६:१-७, मार्क १०:३५-४५



पवित्र शास्त्राचे भाषांतर करणाऱ्यांमध्ये एक जुनी पद्धत आहे. नवा मसुदा विद्वानांच्या मेजावरून थेट छापखान्यात जात नाही. तो आधी गावोगावी नेऊन साध्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवावा लागतो, आणि त्यांना काय उमगले ते त्यांच्याच तोंडून ऐकावे लागते. काही वर्षांपूर्वी रोमकरांस पत्राचा मसुदा घेऊन मी जालना जिल्ह्यातील एका खेड्यात गेलो होतो. शेवटच्या दिवशी सोळावा अध्याय आला. हा अध्याय नावांचा. ऐकणारे तेथे पेंगतात आणि, खरे सांगावयाचे तर, आपण उपदेशकही तो सहसा वगळतो. पहिल्याच वचनात पौल फीबी नावाच्या बहिणीची रोम येथील मंडळीकडे शिफारस करतो आणि ती किंख्रिया येथील मंडळीची ‘सेविका’ आहे असे सांगतो. मी नेहमीप्रमाणे विचारले, “ही फीबी कोण असावी?”

दाराजवळ बसलेल्या एका वृद्ध विधवा भगिनीने चटकन उत्तर दिले, “साहेब, चर्च झाडणारी असंल. हितं मी झाडते तशी.”

कोणी हसले नाही, कारण कोणालाही ते उत्तर चुकीचे वाटले नव्हते. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. समितीमध्ये ‘सेविका’ या शब्दाची बाजू मीच मांडली होती. शब्द सोपा आहे, परिचयाचा आहे, स्त्रीलिंगी आहे, यापलीकडे मी काही पाहिले नव्हते.

मूळ ग्रीक शब्द ‘दियाकोनोस’ असा आहे. पुरुषासाठी व स्त्रीसाठी त्याचे रूप एकच. ‘दियाकोनिस्सा’ हा खास स्त्रियांकरिता असलेला शब्द पुढे चौथ्या शतकात रूढ झालेला दिसतो. पौलाने तो वापरलेला नाही. जो शब्द त्याने स्वतःला व अपुल्लोसाला लावला (१ करिंथ. ३:५), एपफ्राला लावला (कलस्सै. १:७), तुखिकाला लावला (इफिस. ६:२१), तोच त्याने फीबीला लावला. फिलिप्पै येथील मंडळीला लिहिताना तो आरंभीच अध्यक्षांच्या जोडीने ज्यांना सलाम सांगतो, तेही हेच ‘दियाकोनोस’. आणि रोमकरांस पत्रातच पाहा. तेराव्या अध्यायात तलवार धारण करणारा राज्यकर्ता देवाचा ‘दियाकोनोस’ आहे. पंधराव्या अध्यायात ख्रिस्त स्वतः सुंता झालेल्यांचा ‘दियाकोनोस’ झाला आहे. सोळाव्यात फीबी आहे. रोमचा अधिकारी, जगाचा तारणारा आणि किंख्रियाच्या बंदरातील एक स्त्री, या तिघांना एकाच पत्रात एकच शब्द!

त्याच खेड्यात आदल्या दिवशी तेरावा अध्याय वाचला तेव्हा मी असाच प्रश्न विचारला होता, की हा देवाचा सेवक कोण असावा. एका तरुणाने उत्तर दिले होते, “तहसीलदार.” सेवक म्हणताच तहसीलदार डोळ्यांपुढे आला, सेविका म्हणताच केरसुणी आली. मूळ शब्द एक, ऐकणारी माणसे तीच, फरक केवळ एका प्रत्ययाचा.

शब्दाचा अर्थ शब्दकोशात असतो असे आम्ही भाषांतरकार समजून चालतो. पण तो बराचसा समाजाच्या उतरंडीत असतो. जिल्हाधिकारी भारतीय प्रशासकीय ‘सेवेत’ असतात. त्या सेवेला मोटार, शिपाई व बंगला असतो. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडी सेविकाही सेवाच करते, परंतु तिला मिळते त्याला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. सेवा हा शब्द सत्तेच्या माणसाजवळ गेला की त्याला तेज चढते, स्त्रीजवळ आला की त्याला राखेचा वास येतो. आपल्या मंडळ्यांतही काही निराळे घडत नाही. ‘प्रभूचा नम्र सेवक’ अशी सही करणारे पुष्कळ जण त्या नम्रतेच्या बळावर वर्षानुवर्षे खुर्ची सोडत नाहीत, हे आपण पाहतोच. मंडळीची सेविका मात्र खरोखरच सेविका राहते.

मराठीचा ‘ईण’ हा प्रत्यय या बाबतीत मोठा बोलका आहे. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. पाटीलकी चालवणारी स्त्री नव्हे. मास्तरीण म्हटले की शिकवणारी असेल किंवा मास्तरांची पत्नी असेल. याउलट पद फारच मोठे असले तर भाषा मुकाट्याने त्याच्यापुढे नमते. २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा त्या शब्दातील ‘पती’चे काय करावे अशी थोडी चर्चा झाली, पण शब्द होता तोच राहिला. आणि आपल्या ख्रिस्ती समाजाचा खास शब्द म्हणजे पाळकीणबाई.

माझी आई पाळकीणबाई होती. वडील खेड्यापाड्यांच्या फेरीवर असत; महिन्यातील पंधरा दिवस मंडळी तिच्याच हाती असे. स्त्रियांना अक्षरओळख तिने करून दिली, आजाऱ्यांच्या उशाशी प्रार्थना तिने केल्या, भावाभावांतील बांधाचे तंटे तिने ओसरीवर बसवून मिटवले. एका पावसाळ्यात नदीला पूर आल्यामुळे वडील पलीकडे अडकले आणि एका लेकराचे प्रेत घरात होते, तेव्हा कबरेपाशी शास्त्रपाठ वाचून मूठमातीची प्रार्थना तिनेच केली. परत आल्यावर वडिलांनी त्याची नोंद केली, ती अशी : ‘पाळकांच्या गैरहजेरीत विधी उरकला.’ कोणी उरकला ते नाही. पुढे त्या मंडळीची शताब्दी झाली आणि स्मरणिका निघाली. पाळकांच्या यादीत वडिलांचे छायाचित्र आहे. आईचा उल्लेख ‘त्यांच्या पत्नीनेही त्यांना साथ दिली’ एवढाच आहे; तिचे नाव कोठेही नाही. त्या स्मरणिकेची मुद्रिते तपासणारा मी होतो. र्‍हस्वदीर्घाच्या चुका मी काढल्या. ही चूक मला दिसली नाही.

म्हणून या विषयावर मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून बोलू शकत नाही.

आता मार्काच्या शुभवर्तमानाकडे वळू. याकोब व योहान प्रभूजवळ उजव्या व डाव्या बाजूची आसने मागतात. प्रभू त्यांना परराष्ट्रीयांच्या अधिपतींची रीत दाखवतो. ते लोकांवर धनीपण गाजवतात. तुमच्यामध्ये तसे नसावे. ज्याला मोठे व्हावयाचे आहे त्याने इतरांचा ‘दियाकोनोस’ व्हावे, कारण मनुष्याचा पुत्रही सेवा करून घेण्यास नव्हे तर करण्यास आला. आपण हे वचन इतक्या वेळा ऐकले आहे की त्यातील धक्का आपल्याला बसत नाही. प्रभूने थोरवीचे माप म्हणून जो शब्द निवडला, तो त्या काळी जेवणाऱ्यांना वाढणाऱ्या माणसाचाही शब्द होता, आणि वाढण्याचे ते काम दासांकडे व स्त्रियांकडे असे.

या शुभवर्तमानात प्रौढ शिष्यांपैकी हे क्रियापद प्रत्यक्ष कोणाला लावलेले आहे ते शोधून पाहा. बारा जणांपैकी एकालाही नाही. पहिल्या अध्यायात अरण्यात देवदूत प्रभूची सेवा करतात. पुढे त्याच अध्यायात पेत्राच्या सासूचा ताप निघतो आणि ती सेवा करू लागते. अखेरीस पंधराव्या अध्यायात, पुरुष शिष्य पळून गेल्यावर, वधस्तंभाकडे दुरून पाहणाऱ्या ज्या स्त्रिया आहेत, त्या गालीलात असल्यापासून त्याच्यामागे येऊन त्याची सेवा करीत होत्या असे मार्क नमूद करतो. देवदूत, त्या स्त्रिया आणि मनुष्याचा पुत्र स्वतः, एवढ्यांनाच हे क्रियापद मिळाले आहे. तरी आपले उपदेश ऐकावेत! देवदूतांची सेवा आली की स्वर्गीय वैभवाचे वर्णन. पेत्राची सासू आली की ‘ताप उतरताच बिचारीने चूल पेटवली’. मीही हा विनोद व्यासपीठावरून केलेला आहे आणि लोक हसलेही आहेत.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात तर ही वाटणी आणखी स्पष्ट दिसते. बारा प्रेषित म्हणतात की वचन सोडून पंक्तीची सेवा करणे आम्हांला योग्य नाही. आम्ही वचनाच्या सेवेत राहू. ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी सेवेचा शब्द एकाच धातूतून आलेला आहे. पंक्तीची ती सेवा आणि वचनाची तीही सेवाच. वरची व खालची असा भेद शब्दात नाही. शिवाय ज्याला पंक्तीसाठी निवडले तो स्तेफन पुढच्याच अध्यायात न्यायसभेपुढे उभा राहून जे भाषण करतो, त्याहून लांब भाषण त्या पुस्तकात दुसरे नाही. पवित्र आत्म्याने ती वाटणी फार काळ मानलेली दिसत नाही.

फीबीच्या वर्णनात आणखी एक शब्द आहे, ‘प्रोस्तातिस’. ती पुष्कळांची व माझीही ‘प्रोस्तातिस’ झाली असे पौल सांगतो. नव्या करारात हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी येतो. रोमी जगात ज्याच्या घराचा, पैशाचा व वजनाचा इतरांना आधार असे त्याला या अर्थाचा शब्द लावीत. आश्रयदाती हा त्याचा जवळचा मराठी अर्थ. पुष्कळ भाषांतरांत त्याचे ‘साहाय्य करणारी’ एवढेच उरते. हे चुकीचे नाही, पण अपुरे आहे. प्रेषित पौल एका स्त्रीच्या आश्रयाने राहिला, हे लिहिताना पौलाचा हात अडखळला नाही, आमचा अडखळला.

याच अध्यायाच्या सातव्या वचनातील युनियाची कथा ठाऊक असावी म्हणून सांगतो. अंद्रोनीक व युनिया हे प्रेषितांमध्ये नामांकित होते असे पौल म्हणतो. चौथ्या शतकातील योहान क्रिसोस्तोम, जो स्त्रियांचा कैवारी म्हणून मुळीच प्रसिद्ध नाही, त्यानेही युनिया ही स्त्री आहे असे धरून, प्रेषित म्हणवून घेण्यास ती योग्य ठरली म्हणून तिची वाखाणणी केली. मध्ययुगात हळूहळू ती पुरुष ठरू लागली. १९२७ पासून तर अभ्यासकांच्या प्रमाण ग्रीक पाठातही तिच्या नावावर पुल्लिंगी स्वरचिन्ह छापले जाऊ लागले, आणि ते दुरुस्त व्हावयास १९९८ साल उजाडले. त्या पुल्लिंगी रूपाचे पुरुषाचे नाव प्राचीन शिलालेखांत सापडत नाही. युनिया हे स्त्रीचे नाव मात्र शेकडो वेळा सापडते. एका स्वराचे चिन्ह बदलले आणि एक प्रेषित स्त्री सुमारे सत्तर वर्षे पुरुष होऊन राहिली. मराठी भाषांतरकाराला येथे पळवाट नाही. ‘हे दोघे’ म्हटले तर दोन पुरुष, ‘ही दोघे’ म्हटले तर स्त्री व पुरुष. आपल्या व्याकरणाने आपल्याला खरे बोलण्यास भाग पाडले आहे.

कोणी म्हणतील, पौलानेच स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे लिहिले आहे, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. परंतु करिंथकरांस त्याच पत्रात, तीन अध्याय आधी, स्त्री प्रार्थना करते व संदेश देते हे पौल गृहीत धरतो आणि तिने मस्तक कसे ठेवावे एवढेच सांगतो. ती गप्प असेल तर मस्तकाची चर्चा कशासाठी? गप्प राहण्याविषयीची ती दोन वचने काही हस्तलिखितांत वेगळ्या जागी, अध्यायाच्या शेवटी, आढळतात हेही खरे. तीमथ्याच्या पहिल्या पत्रातील दुसऱ्या अध्यायात स्त्रीने उपदेश करू नये असे आहे, तेथे त्या दोन वचनांत आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, आणि ते ‘शिकावे’ हे आहे. एवढ्याने सर्वांचे समाधान होईल असे मी मानत नाही. माझे काही जिवलग सहकारी या मुद्द्यावर माझ्याशी सहमत नाहीत. पण फीबी, युनिया व प्रिस्किल्ला यांना त्या दोन उताऱ्यांच्या आड लपवून ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

संस्कृती आणि सुवार्ता यांची गल्लत कशी होते हे पाहण्यासाठी आमच्या भाषांतराच्या क्षेत्रातील एका थोर भगिनीकडे पाहावे. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून उडुपी येथे विद्वानांच्या सभेपुढे त्यांना आपली बाजू मांडावी लागली. त्यांनी शास्त्रांचे आधार दाखवले आणि शिकवणे थांबवले नाही. कन्या विदुषी झाली, १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला गौरवले. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे तिचा बाप्तिस्मा झाला. आता तरी विद्येचे दार पूर्ण उघडावे! पण चेल्टनहॅम येथे असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. स्वदेशातील तिच्या कार्याला त्यामुळे बाध येईल असे कारण दिले गेले. रमाबाईंना याचे नवल वाटले. त्यांच्या वडिलांनी किंवा पतीने अशी हरकत कधी घेतली नव्हती. उडुपीचे शास्त्री आणि इंग्लंडचे धर्मगुरू यांची शास्त्रे वेगळी, वस्त्रे वेगळी, समुद्र वेगळे. पण स्त्रीच्या तोंडून पुरुषाने शिकावे ही कल्पना दोघांनाही सारखीच बोचली.

त्याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणले. दुष्काळातून वाचवलेल्या मुलींनी व स्त्रियांनी तेथील छापखान्यात खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूमध्ये निजल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून झाले. आज आमच्या समित्यांच्या मेजाभोवती किती स्त्रिया बसतात, असा प्रश्न मला कोणी विचारला तर मी विषय बदलतो.

शब्दाचा अर्थ जो ठरवतो तोच वाटणीही ठरवतो. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीने पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. पत्नीला मात्र केवळ पतीचा व्यभिचार पुरत नसे, त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. हा कायदा २००१ साली बदलला. १३२ वर्षे आपण त्याच कायद्याखाली विवाह लावले. त्रावणकोरच्या १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्यात मुलीचा वाटा मुलाच्या एक चतुर्थांश किंवा ५,००० रुपये, यांतील जे कमी असेल ते, एवढा होता. मेरी रॉय यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली आणि १९८६ साली त्या जिंकल्या. गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या दारापाशी मोशेपुढे उभ्या राहून हेच मागतात, आणि परमेश्वर म्हणतो की त्यांचे म्हणणे योग्य आहे. रविवारच्या शाळेत आपण मुलांना सलाफहादाच्या मुलींची नावे शिकवतो काय?

चांगलेही घडते आहे, ते सांगितले पाहिजे. २०१३ साली चर्च ऑफ साउथ इंडियाने एग्गोनी पुष्पा ललिता यांना नंद्यालच्या बिशपपदाची दीक्षा दिली. मराठी मंडळ्यांतही दीक्षित भगिनी आहेत. तरी त्यांना ‘पाळक’ म्हणावे की ‘पाळकीणबाई’ याविषयी लोक अजून चाचरतात.

आमच्या समितीत ‘सेविका’ शब्दावर पुन्हा चर्चा झाली. एक सभासद म्हणाले, “स्त्रीला सेवक म्हणणे कानाला खटकते.” दुसरे म्हणाले, “खटकू दे.” एकमत झालेले नाही, तूर्त मसुद्यात ‘सेवक’ आहे आणि खाली टीप आहे. तो मसुदा घेऊन मी पुन्हा त्या खेड्यात गेलो. त्या भगिनी दाराजवळच बसल्या होत्या. मी पहिले वचन वाचले आणि हेही सांगितले, की हे पत्र करिंथजवळच्या बंदरातून रोमला फीबीनेच नेले असावे असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “साहेब, तिकडं पोचल्यावर पत्र वाचून कोणी दाखवलं? तिनंच ना?”

मी म्हणालो, “मावशी, शास्त्र ते सांगत नाही.”

“मला वाचता येत असतं,” त्या म्हणाल्या, “तर एवढ्या लांबून आणलेलं पत्र मी दुसऱ्याच्या हाती दिलं नसतं.”